प्रजनन संस्थेचा धडा लिहिणाऱ्यांना आणि शिकवणाऱ्यांना खुले पत्र

जीवशास्त्राची पाठ्यपुस्तकं लिहिणारे लेखक, त्यांतल्या आकृत्या काढणारे चित्रकार आणि वर्गात उभं राहून हा धडा शिकवणारे शिक्षक, सर्वांना सप्रेम नमस्कार.

मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवते. तुमच्या हाताखालून गेलेली मुलं पुढे माझ्या वर्गात येतात. ती हुशार असतात, त्यांचं पाठांतर पक्कं असतं, आणि प्रजनन संस्थेवर दहा गुणांचा प्रश्न आला तर नऊ गुण सहज मिळवतील अशी त्यांची तयारी असते. तरी या विषयाच्या पहिल्या तासाला मी त्यांना एक कोरा कागद देते आणि म्हणते, गर्भाशय, अंडनलिका आणि अंडाशय काढा. वर्षानुवर्षं मला एकच चित्र मिळतं. मधोमध उलट्या त्रिकोणासारखं गर्भाशय, दोन्हीकडे हात पसरावेत तशा ताठ अंडनलिका आणि त्यांच्या टोकाला लोंबणारी दोन अंडाशयं. मग मी म्हणते, आता हेच बाजूने काढा. पुढे मूत्राशय, मागे मलाशय, मध्ये गर्भाशय. इथे सगळ्यांची पेनं थांबतात.

ती पहिली आकृती खोटी नाही. अवयव शरीराबाहेर काढून, ताणून, टाचण्या लावून मांडले तर ते तसे दिसतील. पण जिवंत शरीरात ते तसे नसतात. बहुतेक स्त्रियांमध्ये गर्भाशय पुढे झुकून मूत्राशयावर रेललेलं असतं. काहींमध्ये ते मागे कललेलं असतं आणि तेही निरोगीच असतं. त्याची लांबी जेमतेम ७ ते ८ सेंटिमीटर. त्याची पोकळी रिकाम्या खोलीसारखी नसते, पुढची आणि मागची भिंत एकमेकींना टेकलेली असते. योनीमार्गाचंही तसंच. अंडनलिका १० ते १२ सेंटिमीटर लांब असतात, पण त्या वळसा घेऊन अंडाशयाकडे येतात. टोकाच्या झालरीचा बहुतेक भाग सुटाच असतो, आणि अंडमोचनाच्या, म्हणजे अंडपेशी अंडाशयाबाहेर पडण्याच्या, वेळी ती झालर अंडाशयाच्या पृष्ठभागावरून फिरून अंडपेशीला आत घेते.

बाजूचा छेद दाखवला की न विचारलेले कितीतरी प्रश्न आपोआप सुटतात. गर्भारपणाच्या सुरुवातीलाच वारंवार लघवीला लागण्याचं एक कारण नुसत्या डोळ्यांना दिसतं. मूत्रमार्ग, योनीमार्ग आणि गुदमार्ग या तीन वेगळ्या वाटा आहेत, हेही दिसतं. वैद्यकीय शिक्षणापर्यंत पोचलेल्या मुलामुलींनाही मूत्र आणि पाळीचं रक्त एकाच वाटेने बाहेर येतं असं वाटतं, हे मी अनेकदा पाहिलं आहे. यात त्यांचा दोष नाही. समोरून काढलेल्या चित्रात मूत्रमार्ग नसतोच, मग तो वेगळा आहे हे त्यांना कळणार कुठून?

त्या कोऱ्या कागदांवर आणखी एक गोष्ट मला जवळजवळ कधीच सापडत नाही. पुरुषाच्या आकृतीत मुलं शिश्नाच्या टोकावरच्या त्वचेपर्यंत सगळ्या भागांना नावं देतात. स्त्रीच्या आकृतीत शिश्निकेचा (क्लिटोरिसचा) पत्ता नसतो. नाव सोडा, ठिपकासुद्धा नसतो. गर्भात ज्या उंचवट्यापासून शिश्न घडतं त्याच उंचवट्यापासून घडणारा हा अवयव आहे. त्याचा बाहेर दिसणारा भाग छोटा असतो, बाकीचा मोठा भाग आत, जघनास्थीच्या कमानीला धरून आणि योनीमार्गाच्या दोन्ही बाजूंना पसरलेला असतो. ऑस्ट्रेलियातल्या शल्यचिकित्सक हेलन ओ'कॉनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली शवविच्छेदनावर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा शरीररचनाशास्त्राच्या ग्रंथांतली वर्णनंही किती अपुरी होती हे उघड झालं. मोठ्या ग्रंथांची ही गत असेल, तर शाळेच्या पुस्तकावर एकट्यावर ठपका ठेवणं बरोबर नाही. पण तेव्हापासून पुष्कळ काळ गेला आहे. शरीराचा एक भाग आकृतीतून गाळला की मुलीला त्याविषयी विचारायला शब्दच उरत नाही. दुखलं, खाजलं, सुजलं तरी ती सांगणार काय? ती 'तिथे' एवढंच म्हणते आणि गप्प होते. डॉक्टर म्हणून काम करणाऱ्या माझ्या मैत्रिणींना हा 'तिथे' रोज ऐकावा लागतो.

आता स्त्री आणि पुरुष यांची दोन पानं. एका पानावर ती, दुसऱ्यावर तो, मध्ये जणू सीमारेषा. माझी विनंती आहे की या दोन पानांच्या आधी एक समाईक पान असावं. पहिल्या सहा आठवड्यांत गर्भाकडे बघून तो मुलगा की मुलगी हे अवयवांवरून सांगता येत नाही. दोन्हींत नलिकांच्या दोन्ही जोड्या असतात, वुल्फच्या आणि म्युलरच्या. वाय गुणसूत्रावरच्या एसआरवाय या जनुकामुळे जननग्रंथी वृषणाच्या वाटेला लागते. हे जनुक १९९० साली ओळखलं गेलं. मग वृषणातल्या सर्टोली पेशी एक संप्रेरक सोडतात आणि म्युलरच्या नलिका विरून जातात. लायडिग पेशी टेस्टोस्टेरॉन सोडतात आणि वुल्फच्या नलिकांपासून अधिवृषण, शुक्रवाहिनी आणि शुक्राशय घडतात. हे संकेत नसले तर म्युलरच्या नलिकांपासून अंडनलिका, गर्भाशय आणि योनीमार्गाचा वरचा भाग तयार होतो. आल्फ्रेड जोस्ट यांनी १९४० च्या दशकात सशांच्या गर्भांवर केलेल्या प्रयोगांतून या गोष्टीचा पाया घातला. हे पान वाचलेल्या मुलाला अंडकोशावर मधोमध दिसणारी शिवण कशाची हे कळेल. मुलीत जे दोन ओष्ठ सुटे राहतात, त्यांच्यासारखेच दोन उंचवटे मुलात एकमेकांना जुळतात, ती जुळणीची खूण आहे. इतकं साधं, इतकं सुंदर उत्तर आपण मुलांना देत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

संप्रेरकांच्या तक्त्याबद्दल मला सर्वांत जास्त बोलायचं आहे. तो तक्ता तुम्हाला माहीत आहे. डावीकडे संप्रेरकाचं नाव, मध्ये ग्रंथी, उजवीकडे कार्य. टेस्टोस्टेरॉन पुरुषांचं, इस्ट्रोजेन स्त्रियांचं. परीक्षेला जोड्या लावा.

हा तक्ता मुलांच्या डोक्यात एक चुकीची समजूत घट्ट बसवतो. मेंदूच्या खाली असलेल्या पियुषिका ग्रंथीतून येणारी एलएच आणि एफएसएच ही दोन संप्रेरकं स्त्री-पुरुष दोघांत तीच असतात, रेणूनिशी तीच. वृषणात एलएच लायडिग पेशींकडून टेस्टोस्टेरॉन बनवून घेतं. अंडाशयात अंडपेशी जिच्यात वाढते त्या पुटिकेच्या बाहेरच्या थरातल्या पेशींकडून तेच एलएच अँड्रोजेन, म्हणजे टेस्टोस्टेरॉनच्या कुळातलं संप्रेरक, बनवून घेतं. ते अँड्रोजेन आतल्या थरात झिरपतं आणि तिथल्या पेशी एफएसएचच्या सांगण्यावरून त्याचं इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करतात. म्हणजे स्त्रीच्या अंडाशयातलं इस्ट्रोजेन हे घडीभरापूर्वी अँड्रोजेन होतं. ज्याला आपण 'पुरुषी' म्हणून तक्त्याच्या दुसऱ्या ओळीत टाकतो, त्याच्यापासूनच ते घडतं.

पुरुषाच्या बाजूनेही पाहा. १९९४ साली एका २८ वर्षांच्या पुरुषाची माहिती वैद्यकीय नियतकालिकात आली. त्याच्या पेशींमधला इस्ट्रोजेन ओळखणारा ग्राहक जन्मापासून निकामी होता. टेस्टोस्टेरॉनची पातळी ठीक होती. तरीही २८ व्या वर्षी त्याच्या हाडांची टोकं जुळलेली नव्हती, उंची २०४ सेंटिमीटर झाली होती आणि अजून वाढत होती. हाडांची घनता मात्र कमी होती. मुलग्यांची उंची वाढायची थांबते आणि हाडं भरतात ती मुख्यतः इस्ट्रोजेनमुळे, हे त्या एका माणसामुळे जगाला स्पष्टपणे कळलं. ही गोष्ट मी सांगते तेव्हा वर्गात शांतता पसरते. 'बायकांचं संप्रेरक' हा शब्द त्या दिवसानंतर माझ्या वर्गात कुणी वापरत नाही.

पण तक्त्याचा याहून मोठा दोष असा, की त्यात काळ नाही. ही संस्था काळावर चालते. कोणतं संप्रेरक किती आहे यापेक्षा ते कसं आलं, थेंबाथेंबाने की धारेने, किती वेळ टिकलं, आधी काय येऊन गेलं होतं, यावर सारं अवलंबून असतं. तक्त्यात ओळी असतात, घड्याळ नसतं.

मेंदूच्या तळाशी अधश्चेतक आहे. तिथे हजार-दोन हजारांच्या घरात असलेल्या काही चेतापेशी जीएनआरएच हे संप्रेरक सोडतात, जे पियुषिकेला एलएच आणि एफएसएच सोडायला सांगतं. अब्जावधी पेशींच्या मेंदूत या एवढ्याशा. त्यांचा जन्मही तिथला नाही. गर्भावस्थेत त्या नाकाच्या मुळाशी तयार होतात आणि वास घेणाऱ्या चेतातंतूंच्या आधाराने प्रवास करत मेंदूत पोचतात. काही मुलांमध्ये हा प्रवास अर्धवट राहतो. अशा मुलांना वासही येत नाही आणि ती आपणहून वयातही येत नाहीत. कालमन यांच्या नावाने हा विकार ओळखला जातो. नाक आणि प्रजनन यांचा काय संबंध, असं तक्ता पाठ केलेल्या विद्यार्थ्याला वाटतं. प्रवास माहीत असलेल्याला वाटत नाही.

जीएनआरएच म्हणजे अवघ्या १० अमिनो आम्लांची साखळी. तिची रचना १९७१ साली उलगडली, आणि अँड्र्यू शॅली व रॉजर गिलेमिन यांना मेंदूतल्या अशा संप्रेरकांवरच्या कामासाठी १९७७ चं नोबेल मिळालं. त्याच वर्षीच्या पारितोषिकात रक्तातली अतिसूक्ष्म मात्रा मोजण्याची पद्धत विकसित करणाऱ्या रोझलिन यालो यांचाही वाटा होता. ती पद्धत नसती तर पुढचं काहीच दिसलं नसतं.

पुढचं म्हणजे हे. १९७८ साली अर्न्स्ट नोबिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऱ्हीसस माकडिणींमध्ये अधश्चेतकाचा संबंधित भाग निकामी केला. एलएच आणि एफएसएच बंद पडले. मग त्यांना बाहेरून जीएनआरएच दिलं, तासाला एकदा, काही मिनिटांपुरतं. दोन्ही संप्रेरकं परत आली. मग तेच जीएनआरएच अखंड धारेने दिलं. तर्क म्हणतो, जास्त दिलं तर जास्त काम होईल. प्रत्यक्षात एलएच आणि एफएसएच दोन्ही कोसळले. पुन्हा तासाला एक ठोका सुरू केला, पुन्हा ते वर आले.

पियुषिकेला ठोका कळतो, धार कळत नाही. सतत कानाशी बोलत राहणाऱ्याचं बोलणं जसं ऐकू येईनासं होतं, तशा तिच्या पेशी अखंड संकेताला बधिर होतात. या एका वाक्यावर आज कितीतरी उपचार उभे आहेत. वेळेच्या फार आधी वयात येऊ लागलेल्या मुलांना, एंडोमेट्रिऑसिसने (गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या विकाराने) हैराण झालेल्या स्त्रियांना, प्रोस्टेटचा कर्करोग असलेल्या पुरुषांना जीएनआरएचसारखंच काम करणारं, पण शरीरात दीर्घकाळ टिकणारं औषध देऊन ही सबंध यंत्रणा शांत करतात. आणि ज्यांच्यात जीएनआरएच तयारच होत नाही, अशा काहींना छोट्या पंपाने तेच संप्रेरक ठोक्याठोक्याने देऊन ती जागी करतात. रेणूचं कुळ एक, परिणाम उलटे. फरक फक्त तालाचा.

हा ताल बदलत राहतो. अंडमोचनाच्या आधी तो साधारण ६० ते ९० मिनिटांना एक ठोका असा असतो, नंतर अंडाशयातून येणारं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढलं की ठोके विरळ होतात, तीन-चार तासांना एक. जलद ठोक्यांना एलएच जास्त प्रतिसाद देतं, संथ ठोक्यांना एफएसएच. बालपणात ठोके जवळजवळ निजलेले असतात. वयात येताना ते पहिल्यांदा ऐकू येतात ते झोपेत, रात्री. आईवडिलांना मिसरूड किंवा पहिली पाळी दिसण्याच्या कितीतरी आधी मुलांच्या शरीरात रात्री हे सुरू झालेलं असतं. ठोके जागे करणारा किसपेप्टिन नावाचा संकेत २००३ साली नीट उमगला, तो वयात न येणाऱ्या काही कुटुंबांमधल्या जनुकीय दोषांचा माग काढताना.

आणि हा ताल शरीराच्या बाकीच्या परिस्थितीकडे कान देऊन असतो. अन्न कमी पडलं, व्यायाम झेपेनासा झाला, वजन झपाट्याने उतरलं, की ठोके मंदावतात आणि पाळी थांबते. अंगावर पाजणाऱ्या आईत प्रोलॅक्टिन हे दूध तयार करायला लावणारं संप्रेरक वाढतं आणि ठोके दबतात. धावपटू मुलीची पाळी गेली तर 'अशक्तपणा आहे' म्हणून सोडून द्यायचं नसतं, कारण इस्ट्रोजेन खाली गेलं की तिची हाडंही पातळ होऊ लागतात. ही गोष्ट क्रीडाशिक्षकांना कळायला हवी, आणि त्यांच्या कानावर ती पहिल्यांदा तुमच्या धड्यातूनच पडू शकते.

आता फीडबॅकचं बघू, ज्याला आपण प्रत्याभरण म्हणतो. ऋण प्रत्याभरण मुलांना समजतं. वृषणातून टेस्टोस्टेरॉन आणि एफएसएचला आवर घालणारं इनहिबिन रक्तात जातं, वर निरोप पोचतो की पुरेसं आहे, वरून येणारे संकेत कमी होतात. पाण्याची टाकी भरली की बंद होणाऱ्या झडपेचं उदाहरण सगळे देतात. ते ठीक आहे. पण हे इथेच सोडलं तर काय होतं, ते मी पाहिलं आहे.

एक विद्यार्थी माझ्याकडे आला. शरीर कमावण्यासाठी तो कुणाच्या तरी सांगण्यावरून टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेत होता. त्याला वाटत होतं, हे पुरुषत्वाचं संप्रेरक आहे, म्हणजे प्रजननक्षमता वाढली तर वाढेलच. पुढे वीर्याच्या तपासणीत एकही शुक्राणू नाही म्हटल्यावर तो हादरला. मी त्याला फळ्यावर तीच झडप काढून दाखवली. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं, मेंदूला वाटलं टाकी भरली. जीएनआरएच थांबलं, एलएच थांबलं, एफएसएच थांबलं. लायडिग पेशींना कुणी सांगेना, तेव्हा वृषणाच्या आतलं टेस्टोस्टेरॉन आटलं. शुक्राणू तयार व्हायला वृषणाच्या आत रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट जास्त टेस्टोस्टेरॉन लागतं, आणि ते इंजेक्शनने तिथे पोचत नाही. रक्तात भरपूर, वृषणात दुष्काळ. इंजेक्शनं थांबवल्यावर बहुतेकांत ही यंत्रणा परत चालू होते, पण त्याला महिनोन्‌महिने लागतात, कधी त्याहून जास्त. एक शुक्राणू घडायलाच सुमारे अडीच महिने लागतात आणि मग अधिवृषणातल्या सहा मीटर लांबीच्या गुंडाळलेल्या नळीतून जाता जाता तो पोहायला शिकतो. तो मुलगा म्हणाला, "मॅडम, हे सगळं मी पाठ केलं होतं." खरं होतं ते. त्याने ऋण प्रत्याभरणाची व्याख्या बारावीत अचूक लिहिली होती. ती आपल्या शरीराची गोष्ट आहे, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

स्त्रीच्या चक्रात तर झडपेचं उदाहरण मधेच उलटं फिरतं, आणि तिथेच या सगळ्या विषयातला माझा सर्वांत आवडता क्षण आहे. चक्राच्या पहिल्या भागात इस्ट्रोजेन कमी आहे तोवर ते वरच्या संकेतांना आवर घालतं. एफएसएच उतरतं, काही पुटिका मागे पडून विरतात, आणि एक पुटिका, जी कमी एफएसएचवरही तगते, ती पुढे जाते. ती मोठी होते तसं इस्ट्रोजेन वाढतं. ते मिलिलिटरला सुमारे २०० पिकोग्रॅमच्या वर गेलं आणि जवळपास दोन दिवस तिथेच टिकलं, की तेच इस्ट्रोजेन आता आवर घालायचं सोडून वरच्या संकेतांना चेतवू लागतं. एलएचची लाट उसळते. लाट सुरू झाल्यापासून साधारण ३६ तासांत पुटिका फुटते आणि अंडपेशी बाहेर येते. पातळी पुरेशी असूनही ती फक्त काही तास टिकली, तर लाट येत नाही. शरीर जणू खात्री करून घेतं, की पुटिका खरोखर पिकली आहे. निर्णय अंडाशय घेतं आणि मेंदूला कळवतं. वरून हुकूम, खाली अंमलबजावणी, असं जे चित्र बाणांच्या आकृतीतून मनात उभं राहतं, ते इथे मोडतं.

हे कळलं की 'चौदाव्या दिवशी अंडमोचन होते' हे वाक्य लिहायला हात धजावत नाही. पुटिका पिकायला किती दिवस लागतील हे बाईगणिक आणि महिन्यागणिक बदलतं. त्यामानाने स्थिर असतो तो अंडमोचनानंतरचा भाग, कारण मागे राहिलेल्या पुटिकेचा प्रोजेस्टेरॉन बनवणारा पीतपिंड होतो आणि पीतपिंडाचं आयुष्य सुमारे दोन आठवड्यांचं असतं. ३५ दिवसांचं चक्र असलेल्या मुलीत अंडमोचन एकविसाव्या दिवसाच्या आसपास होईल. २४ दिवसांचं असेल तर दहाव्या. शुक्राणू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जगू शकतात, अंडपेशी मात्र जेमतेम एक दिवस. चौदा हा आकडा छातीठोकपणे लिहून आपण किती जणींना चुकीचा हिशोब शिकवला असेल? नको असलेलं गर्भारपण आणि हवं असूनही न होणारं गर्भारपण, दोन्हींत तो आकडा नडतो.

पाळीबद्दल तुमच्या पुस्तकांत आणि वर्गांत एक वाक्प्रचार येतो, त्याबद्दल तळमळीने लिहिते. 'गर्भधारणा न झाल्यास अस्तर निरुपयोगी ठरते व बाहेर टाकले जाते.' निरुपयोगी, टाकले जाते, ऱ्हास, अपयश. बारा-तेरा वर्षांच्या मुलीने आपल्या शरीराबद्दल वाचलेले हे पहिले शास्त्रीय शब्द असतात. घडतं ते असं. पीतपिंड मावळतो, प्रोजेस्टेरॉन उतरतं, ते उतरणं हाच संकेत असतो. अस्तरातल्या नागमोडी धमन्या आकसतात, प्रोस्टाग्लँडिनमुळे स्नायू आवळतात आणि त्यामुळे पोटात कळा येतात, अस्तराचा वरचा थर सुटतो. एकंदर रक्त सरासरी ३० ते ४० मिलिलिटर असतं. आणि वरचा थर अजून सुटतोच आहे तेवढ्यात खालचा थर दुरुस्तीला लागलेला असतो. काही दिवसांत एवढा मोठा पृष्ठभाग व्रण न ठेवता भरून येतो. त्वचेला कापलं तर डाग राहतो. गर्भाशय आयुष्यात चारशेच्या आसपास वेळा हे करतं आणि डाग ठेवत नाही. याला अपयश म्हणू नका.

आणि गर्भ रुजला, तर तो काय करतो? तो एचसीजी सोडतो, जे एलएचच्याच ग्राहकाला जाऊन बिलगतं, आणि पीतपिंडाला मावळू देत नाही. गर्भारपणाच्या चाचणीच्या पट्टीवर जी रेघ उमटते ती या निरोपाची. पुढे काही आठवड्यांनी वार (प्लेसेंटा) प्रोजेस्टेरॉनचं काम स्वतःकडे घेते.

शुक्राणूंच्या शर्यतीची गोष्टही जरा आवरती घ्यावी. कोट्यवधी निघतात, सर्वांत बलवान पहिला पोचतो, अंडपेशी वाट पाहत बसलेली असते. ही गोष्ट अशी का रुजली, याचं एक कारण मला इतिहासात दिसतं. लेव्हनहूक यांनी सूक्ष्मदर्शकाखाली शुक्राणू पाहिले ते १६७७ साली. सस्तन प्राण्याची अंडपेशी कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर यांना दिसली ती १८२७ साली. दीडशे वर्षं गोष्टीतलं एकच पात्र डोळ्यांना दिसत होतं आणि ते वळवळत होतं. साहजिकच नायक तोच झाला. आज आपल्याला दोन्ही दिसतात. गर्भाशयाच्या आकुंचनामुळे शुक्राणू पुढे ढकलले जातात. स्त्रीच्या शरीरात काही तास घालवल्याशिवाय ते फलनाला समर्थ होत नाहीत. अंडपेशीच्या आवरणाशी त्यांची जुळणी व्हावी लागते, आणि एक आत आला की अंडपेशी ते आवरण बदलून बाकीच्यांना दार बंद करते. शिवाय ती अंडपेशी मुलगी जन्मण्याच्या आधीपासून विभाजनाच्या मध्यावर थांबलेली असते. जन्मताना अशा दहा ते वीस लाख असतात, वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात. कुणी वीस वर्षं थांबते, कुणी चाळीस, आणि अंडमोचनाच्या उंबरठ्यावर ते विभाजन पुढे सरकतं. ते पूर्ण होतं शुक्राणू आत आल्यावर. एवढी वाट पाहणाऱ्या पेशीला 'निष्क्रिय' म्हणणं मला पटत नाही.

वर्गात हा धडा शिकवताना अवघडल्यासारखं होतं, हे मला माहीत आहे. मुलं हसतात, मुली खाली बघतात, काही शिक्षक 'घरी वाचून घ्या' म्हणून पान उलटतात. मी त्यांना दोष देत नाही, त्यांनाही कुणी हे नीट शिकवलेलं नव्हतं. पण माझा अनुभव असा, की अवयवांची यादी वाचताना जो संकोच दाटतो, तो ठोक्यांची आणि लाटेची गोष्ट सुरू झाली की विरतो. मुलं विचारू लागतात. एलएचची लाट आलीच नाही तर? जुळ्यांचं काय? उतारवयात पाळी कायमची गेल्यावर एफएसएच वाढतं ते का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्यांचं त्यांनाच देता येतं, कारण खालून 'पुरे' म्हणणारं कुणी उरलेलं नसतं.

म्हणून नव्या आवृत्तीसाठी माझं मागणं आहे, की धडा आलेखापासून सुरू व्हावा आणि तक्ता, ठेवायचाच असेल, तर शेवटी यावा. समोरच्या आकृतीशेजारी बाजूचा छेद तितक्याच मोठ्या आकारात छापावा. शिश्निकेला नाव द्यावं. पुरुषाच्या ग्रंथींची यादी थोडी आखडती घेतली तरी चालेल. वीर्याचा बहुतेक भाग शुक्राशय आणि प्रोस्टेट यांचा स्राव असतो आणि शुक्राणूंचा वाटा त्यात फार थोडा, एवढं कळलं की काम भागतं.

चित्रकारांना एक वेगळी विनंती. आलेखाच्या आडव्या रेघेवर १ ते २८ हे आकडे छापू नका. अंडमोचनाच्या जागी शून्य लिहा. उजवीकडे साधारण चौदा घरं काढा आणि डावीकडची बाजू तुटक रेघेने मोकळी सोडा, म्हणजे प्रत्येक मुलीला तिथे स्वतःचे दिवस लिहिता येतील. असा आलेख आणि बाजूच्या छेदाची आकृती मी माझ्या वर्गासाठी काढून ठेवली आहे. ज्यांना हवी असेल त्यांनी ती घ्यावी, बदलावी, छापावी. मोबदला नको, नावही नको.

आपली,
शरीरक्रियाशास्त्राची एक शिक्षिका